बॉल हॉकीत करिअर होतं का? अलेक्स बरोजच्या निमित्ताने

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही तीन वर्षांपूर्वी नाशिकहून कॅनडात, टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला आलात. मुलगा १३ वर्षांचा आहे. स्केटिंग उशिरा सुरू केल्यामुळे आइस हॉकीत तो वर्गमित्रांच्या मागे पडतो, पण गल्लीत आणि शाळेच्या जिममध्ये बॉल हॉकी इतकी छान खेळतो की त्याच्या सरांनीच 'याला क्लबात घाला' असं सुचवलं. त्यात मुलाने कुठेतरी अलेक्स बरोजबद्दल वाचलं, 'बॉल हॉकी खेळत खेळत एनएचएलमध्ये (म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये) पोचलेला खेळाडू', आणि आता तो म्हणतोय की मीही तसाच जाणार. तुम्ही विचारताय, ही गोष्ट खरी आहे का, आणि बॉल हॉकी करिअर म्हणून धरता येते का.

मी मूळचा खडकीचा. तिथल्या मैदानांवर हॉकी शिकलो, म्हणजे आपली मैदानी हॉकी. गेली २२ वर्षं ओंटारियोत आहे आणि त्यातली १७ वर्षं मुलांना बॉल हॉकी शिकवतोय. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन दर उन्हाळ्यात चार-पाच आईवडील रिंकच्या, म्हणजे हॉकीच्या कठडेबंद मैदानाच्या, दाराशी थांबतात. तिथे उभ्या उभ्या पाच मिनिटांत सांगता येत नाही ते इथे नीट सांगतो.

पहिलं म्हणजे बॉल हॉकीवर पोट भरत नाही. तरी मुलाला क्लबात घाला, आणि याच उन्हाळ्यात घाला. बरोजची गोष्ट खरी आहे, पण मुलाने ती अर्धीच वाचलीय. पूर्ण गोष्ट त्या अर्ध्या गोष्टीपेक्षा त्याच्या जास्त कामाची आहे.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी खेळ समजावून सांगतो. कॅनडात नुसतं 'हॉकी' म्हटलं की बर्फावरचीच. त्यातून बर्फ आणि स्केट्स वजा केले की उरते ती बॉल हॉकी. एप्रिल-मे आला की बऱ्याच रिंकमधला बर्फ काढतात. खाली सिमेंटचा गुळगुळीत कोबा राहतो. मग त्याच कठड्यांच्या आत, त्याच जाळ्यांवर, पायात साधे बूट घालून पळत खेळायचं. एका संघाचे पाच जण पळणारे आणि एक गोलकीपर. पकच्या (आइस हॉकीतल्या चपट्या रबरी चकतीच्या) जागी नारिंगी रंगाचा, पोकळ, कडक प्लास्टिकचा, फारसा न उसळणारा चेंडू. काठी आइस हॉकीचीच. अंगावर जाऊन धडक मारून माणूस पाडणं चालत नाही.

पायांतला फरक सगळ्यात मोठा. स्केट्सवर दोनदा जोर लावला की माणूस घसरत पुढे जातो आणि तेवढ्यात श्वास घेऊन घेतो. बुटांवर फुकटचं काहीच मिळत नाही, प्रत्येक पाऊल स्वतः टाकावं लागतं. ६१ मीटर लांबीच्या रिंकवर ४० सेकंद जीव तोडून पळायचं आणि बाकावर येऊन बसायचं, की पुढचे पाच आत. मे महिन्यातल्या दमट दिवशी कोब्याला घाम सुटतो, तेव्हा वळताना पाय सटकतो, म्हणून छोटी पावलं टाकायला शिकावं लागतं. गोलकीपरचं तर सगळं तंत्रच बदलतं. बर्फावर गुडघे टेकून एका खांबाकडून दुसऱ्याकडे घसरत जाता येतं, सिमेंटवर पॅड जागच्या जागी चिकटतात, त्यामुळे तिथे उभ्यानेच पाय सरकवत जावं लागतं.

एक नियम वेगळा आहे आणि बरोजकडे आल्यावर तो लागणार आहे, म्हणून आत्ताच नीट समजून घ्या. रिंकच्या मधोमध एक लाल रेघ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक निळी. आइस हॉकीत हल्ला करणाऱ्यांना पक निळ्या रेघेच्या आतच राखावा लागतो. तो बाहेर गेला की सगळ्यांना मागे येऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. बॉल हॉकीत चेंडू एकदा निळी रेघ ओलांडून आत नेला की हल्ल्याचं क्षेत्र मधल्या लाल रेघेपर्यंत वाढतं. याला 'फ्लोटिंग ब्लू लाइन' म्हणतात. म्हणजे बचाव करणाऱ्याला सुटका हवी असेल तर चेंडू आणखी ७-८ मीटर लांब घालवावा लागतो. जमिनीवरून घालवायला जावं तर वाटेत काठ्या आडव्या, म्हणून तो उचलून हवेतून फेकतात. त्यामुळे या खेळात चेंडू सारखा छातीच्या, खांद्याच्या, डोक्याच्या उंचीवरून येत असतो. आणि जो खेळाडू रेघेवर उभा राहून तो हाताने खाली पाडतो, पायाशी बसवतो आणि परत जाळ्याकडे मारतो, त्याची किंमत फार.

आता बरोज.

अलेक्झांद्र बरोज ११ एप्रिल १९८१चा. माँट्रियलच्या पश्चिमेला इल पेरो नावाचं बेट आहे, तिथल्या पँकूर गावचा. मुलाला पहिली गोष्ट ही सांगा की हा माणूस लहानपणापासून बर्फावरही खेळत होता. बूट काढले, स्केट्स चढवले आणि थेट एनएचएल, असं काही झालं नाही. दोन्ही खेळ त्याच्या आयुष्यात शेजारी शेजारी चालले, हिवाळा एकाचा आणि उन्हाळा दुसऱ्याचा.

पण बर्फावर त्याला कोणी फारसं विचारत नव्हतं. क्वेबेकच्या मेजर ज्युनियर लीगमध्ये हुशार मुलं १६-१७व्या वर्षी घेतली जातात. बरोज शाविनिगनच्या संघात आला २०००-०१च्या मोसमात, १९ वर्षांचा असताना. या लीगमध्ये २०व्या वर्षापर्यंतच खेळता येतं, म्हणजे इतर मुलं जिथून बाहेर पडायच्या बेतात असतात तिथे हा आत शिरत होता. एनएचएलचे संघ दरवर्षी ड्राफ्टमध्ये तरुण खेळाडूंची निवड करतात. त्यात त्याचं नाव एकदाही पुकारलं गेलं नाही.

ज्युनियर संपल्यावर २००२ मध्ये तो ईसीएचएलमध्ये गेला. ही एनएचएलच्या दोन पायऱ्या खालची लीग. ग्रीनव्हिल, बॅटन रूज, कोलंबिया ही त्याची गावं. साउथ कॅरोलिना आणि लुइझियाना ही अमेरिकेच्या दक्षिणेची राज्यं, जिथे डिसेंबरातही तळ्यावर बर्फ धरत नाही. रात्र रात्र बसचा प्रवास, आठवड्याला काही शे डॉलर, आणि एखादा महिना खराब गेला की सामान बांधून दुसऱ्या गावाला. त्या लीगमध्ये त्याच्यासारखे शेकडो तरुण होते, आणि त्यातले बहुतेक दोन-तीन वर्षांत घरी परतून दुसरं काम बघतात.

आणि याच वर्षांत, उन्हाळ्यात, हाच मुलगा बॉल हॉकीत जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंमध्ये गणला जात होता. कॅनडाच्या राष्ट्रीय स्पर्धांमध्ये त्याने विजेतेपदं आणि वैयक्तिक पुरस्कार मिळवले. २००३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या जागतिक स्पर्धेत कॅनडाने सुवर्ण जिंकलं, त्या संघात तो होता. २००५ मध्ये पिट्सबर्गला पुन्हा सुवर्ण, पुन्हा तो संघात. या दोन सुवर्णपदकांच्या मधल्या दिवसांत त्याचा हिवाळा कुठे जात होता ते आठवा. एका खेळात तो जगज्जेता होता आणि दुसऱ्यात कोलंबियाच्या बसमध्ये मागच्या सीटवर. मी मुलांना हे सांगतो तेव्हा ती विचारतात, मग त्याने बॉल हॉकीच का नाही धरली? कारण त्यात पगार नव्हता. आजही नाही. पण त्याने ती सोडलीही नाही, आणि मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. प्रत्येक उन्हाळ्यात तो अशा जागी परत जात होता जिथे चेंडू त्याच्याकडे द्यायचा हे संघ गृहीत धरून चालत असे. बर्फावर चौथ्या फळीत सहा मिनिटं खेळायला मिळणाऱ्या माणसाच्या हातांना आणि डोक्याला हे हवं असतं. नाहीतर आपण गोल करणारे आहोत हेच तो विसरून जातो.

कोलंबियाचा संघ व्हॅंकुव्हर कनक्स या एनएचएलच्या संघाशी जोडलेला होता, आणि मधली पायरी होती विनिपेगची मॅनिटोबा मूस. तिथे त्याने जागा मिळवली. २००४-०५ मध्ये मालक आणि खेळाडूंच्या भांडणात एनएचएलचा अख्खा मोसम रद्द झाला होता. पुढच्या वर्षी मूसचे कोच होते अलाँ विन्यो. त्या मोसमाच्या मध्यावर व्हॅंकुव्हरने बरोजला वर बोलावलं आणि २ जानेवारी २००६ला तो एनएचएलचा पहिला सामना खेळला. वय २४. पिट्सबर्गच्या सुवर्णाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

इथेही गोष्ट संपत नाही. विन्यो २००६ मध्ये कनक्सचे कोच झाले आणि बरोज तिथे टिकला तो आधी गोल अडवण्याच्या कामावर. आपला एक खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसलेला असताना चार जणांनी पाच जणांना थोपवायचं, हे त्याचं काम. २००६-०७च्या अख्ख्या मोसमात त्याचे गोल फक्त ३. पुढे २००९च्या सुरुवातीला त्याला सेडिन जुळ्या भावांच्या फळीत लावलं. हेन्रिक आणि डॅनियल हे दोघे स्वीडिश भाऊ न बघता एकमेकांना पास देत, आणि त्यांना हवा होता असा तिसरा, जो कोपऱ्यातून पक उकरून आणेल आणि मग जाळ्यासमोर हजर राहील. २००९-१० मध्ये बरोजने ३५ गोल केले. एकूण कारकीर्द १३ मोसम, ९१३ सामने, २०५ गोल, २०४ असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास). ज्याचं नाव ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नाही त्याचे हे आकडे.

आता त्याचा एक गोल जवळून बघू. मुलाला यूट्यूबवर दाखवा, त्याच्या शेजारी बसून.

२६ एप्रिल २०११. प्लेऑफची (मोसमाअखेरच्या बाद सामन्यांची) पहिली फेरी, व्हॅंकुव्हर विरुद्ध शिकागो, सातवा आणि निर्णायक सामना. त्याआधीची सलग दोन वर्षं शिकागोनेच व्हॅंकुव्हरला बाहेर काढलं होतं. यंदा व्हॅंकुव्हरने पहिले तीन सामने जिंकले आणि पुढचे तीन हरले. सातव्यात बरोजने सुरुवातीलाच गोल केला. तिसऱ्या सत्राच्या आरंभी त्याला पेनल्टी शॉट मिळाला, तो शिकागोचा गोलकीपर कॉरी क्रॉफर्डने अडवला. सामना संपायला दोन मिनिटं उरलेली असताना जॉनथन टेव्सने बरोबरी साधली, तीही शिकागोचा एक खेळाडू कमी असताना. ओव्हरटाइम सुरू होऊन अर्धा मिनिटही झालं नव्हतं तोच बरोजने प्रतिस्पर्ध्याला धरलं म्हणून त्याला दोन मिनिटं बाहेर बसवलं. म्हणजे एका संध्याकाळी एक गोल, एक वाया गेलेली संधी आणि सामना घालवू शकणारी एक चूक, तिन्ही त्याच्याच नावावर.

तो परत आत आला. ओव्हरटाइमच्या सहाव्या मिनिटाला शिकागोच्या ख्रिस कॅम्पोलीने आपल्या भागातून पक उचलून बाहेर फेकला. सुटका करून घ्यायची नेहमीची रीत. बरोज निळ्या रेघेजवळ होता. पक खांद्याच्या वर आला. बरोजने ग्लोव्ह उचलून तो खाली पाडला, एकदा टप्पा पडू दिला, दोन पावलं आत सरकला आणि पूर्ण ताकदीने फटका मारला. क्रॉफर्डच्या वरून पक जाळ्यात. सामना २-१.

आता फ्लोटिंग ब्लू लाइन आठवा. हवेतून येणारा चेंडू हाताने पाडायचा, पायाशी बसवायचा, परत मारायचा. बर्फावर असा प्रसंग सामन्यात एखाद-दोनदा येतो, आणि बरेच चांगले खेळाडू तिथे काठी उंचावून चाचपडतात. बॉल हॉकीत तो वीस-पंचवीस वेळा येतो. बरोजने लहानपणापासून दर उन्हाळ्यात हीच हालचाल किती वेळा केली असेल! माझं मत ठाम आहे की त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत गाजलेला गोल हा स्केट्सवर उभं राहून केलेला बॉल हॉकीचा गोल होता. हे मी कोणाचं ऐकून सांगत नाही, शिकवणाऱ्याच्या नजरेने तो गोल पन्नास वेळा बघून सांगतोय. विशेषतः टप्पा पडू देणं. घाईत माणूस तो हवेतच मारायला जातो. हवेतून येणाऱ्या चेंडूवर ज्याचे हात तयार झालेत तोच तेवढा अर्धा क्षण थांबतो.

त्या वर्षी व्हॅंकुव्हर स्टॅनली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत गेलं. दुसऱ्या सामन्यात ओव्हरटाइम सुरू झाल्यावर ११व्या सेकंदाला बरोजने बॉस्टनविरुद्ध गोल केला. कप मात्र बॉस्टनने नेला, सातव्या सामन्यात. याच मालिकेच्या पहिल्या सामन्यात त्याने बॉस्टनच्या पॅट्रिस बर्जरॉनच्या बोटाला चावा घेतल्याचा आरोप झाला होता. लीगने कारवाई केली नाही, पण ते दृश्य लोक विसरले नाहीत. मुलगा हेही बघेलच, तेव्हा त्याच्याशी मोकळेपणाने बोला. समोरच्याला डिवचणं हा बरोजच्या खेळाचा भाग होता. मला तो भाग आवडत नाही आणि मी तो शिकवत नाही.

एक आवडणारी गोष्ट सांगतो. आमच्या रिंकवर मुलं गोल केला की धनुष्याला बाण लावून सोडल्याची खूण करतात. कुठून आली हे त्यांना माहीत नसतं. ती खूण लुक बुर्दों या कनक्सच्या तरुण बचावपटूची. मे २००८ मध्ये, अवघ्या २१व्या वर्षी, तो मोटरसायकलच्या अपघातात गेला. बरोजचा तो जवळचा मित्र. त्या ऑक्टोबरात मोसमाच्या पहिल्याच सामन्यात गोल केल्यावर बरोजने आकाशाकडे बाण सोडला, आणि पुढेही सोडत राहिला. मी मुलांना हे सांगितलं की ती जरा वेळ गप्प होतात, आणि पुढच्या वेळी खूण जास्त नीट करतात.

२०१० मध्ये, बरोज एनएचएलमध्ये ऐन भरात असताना, आंतरराष्ट्रीय स्ट्रीट अँड बॉल हॉकी फेडरेशनने त्याला आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. पुढे २०१७ मध्ये तो ओटावाला गेला, २०१८ मध्ये निवृत्त झाला, आणि लगेच लावालच्या, म्हणजे माँट्रियलच्या खालच्या पायरीच्या, संघात सहाय्यक कोच झाला. तिथून २०२१ मध्ये माँट्रियल कॅनेडियन्सच्या बाकामागे. ३ डिसेंबर २०१९ला व्हॅंकुव्हरने आपल्या 'रिंग ऑफ ऑनर'मध्ये, म्हणजे संघाच्या मानाच्या खेळाडूंच्या यादीत, त्याचं नाव लावलं. जाता जाता हेही सांगतो की एनएचएलच्या करारात क्लबच्या परवानगीशिवाय दुसरे खेळ खेळण्यावर बंधन असतं. वर पोचल्यावर उन्हाळ्याचा तो नारिंगी चेंडू खेळाडूच्या हातात राहत नाही.

आता तुमच्या मुलाकडे येऊ.

१३व्या वर्षी कच्च्या स्केटिंगवरून एनएचएल, ही वाट नाही. हे त्याला आत्ताच सांगितलेलं बरं, आणि ते तुम्ही सांगा, एखाद्या निवड चाचणीत अनोळखी माणसाने सांगण्याआधी. या देशात मुलं चौथ्या-पाचव्या वर्षी बर्फावर उभी राहतात. ती आठ-नऊ वर्षं भरून काढणं फार अवघड आहे, आणि वरच्या दर्जाच्या आइस हॉकीचा खर्च वर्षाला हजारो डॉलर. स्केटिंग शिकवा, जरूर शिकवा, मित्रांबरोबर खेळता यावं म्हणून. पण घरचं बजेट त्यावर उधळू नका.

बॉल हॉकीत मात्र त्याचं वय उशिराचं नाही. पळायला तो लहानपणापासूनच शिकलाय. मोसमाची फी काही शे डॉलरमध्ये भागते. क्लबातून स्पर्धेच्या संघात, तिथून प्रांताच्या आणि मग राष्ट्रीय स्पर्धेत, आणि कुमार गटांच्या राष्ट्रीय संघापर्यंत अशी वाट आहे. पुरुषांची जागतिक स्पर्धा १९९६ पासून होते, महिलांची २००७ पासून. तुमच्या धाकटीला आवड असेल तर तिलाही घ्या. आणि जगात हा खेळ फक्त कॅनडाचा आहे असं समजू नका. चेक आणि स्लोव्हाक लोक याला होकेयबाल म्हणतात आणि त्यांच्यासमोर कॅनडाला घाम फुटतो. तिथे गावोगावी यासाठीच बांधलेली मैदानं आहेत.

पैशाचं स्पष्ट सांगतो. इथे वरच्या दर्जाचे बहुतेक खेळाडू नोकरी-धंदा करून खेळतात. माझ्याकडे १४व्या वर्षी आलेला एक मुलगा आज इलेक्ट्रिशियन आहे. प्रांताच्या स्पर्धांत खेळतो, राष्ट्रीय स्पर्धेच्या आठवड्यात बिनपगारी रजा घेतो, आणि रविवारी सकाळी माझ्याबरोबर दहा वर्षांच्या मुलांना शिकवतो. त्याच्या आईला मी विचारलं होतं, वाईट वाटतं का, इतकं खेळून हातात काय आलं म्हणून? ती म्हणाली, तो १६ वर्षांचा असताना मला रोज त्याची काळजी वाटायची, उन्हाळ्यातले चार महिने सोडून. तुम्ही करिअर हा शब्द वापरलात, त्यात हेही धरा. पंच, प्रशिक्षक, रिंकचं व्यवस्थापन, फिजिओथेरपी अशी कामं या खेळातून सुचतात आणि मिळतात. पण ती बाजूने येतात, तेव्हा शिक्षण चालू ठेवूनच हे सगळं.

मी मुलांची निवड करतो तेव्हा गोल मोजत नाही. मुलाच्या पायातून चेंडू गेला की पुढची तीन पावलं तो कुठे टाकतो ते बघतो. वर बघून हताश होतो, की वळून लगेच पाठलाग करतो? दुसरं, चेंडू आपल्याकडे नसताना काठी कुठे असते. कमरेवर असली तर काम करावं लागेल. जमिनीवर, पासच्या वाटेत असली तर मुलगा तयार आहे. बरोजला व्हॅंकुव्हरने ठेवून घेतलं ते आधी या दोन गोष्टींसाठी, ३५ गोल नंतर आले. तुमच्या गल्लीत मुलं खेळतात तेव्हा खिडकीतून एवढंच बघा. कोणीतरी 'कार!' ओरडेल, दोघं जाळं उचलून कडेला नेतील, गाडी गेली की 'गेम ऑन!' होईल. त्या मधल्या दहा सेकंदांत तुमचा मुलगा काय करतो? काही मुलं गप्पा मारतात. काही चेंडू काठीवर खेळवत राहतात. (टोरोंटोत रस्त्यावर हॉकी खेळायला २०१६ पर्यंत कागदोपत्री बंदी होती, आणि तरी पिढ्यान् पिढ्या मुलं रस्त्यावरच शिकली.)

आपल्याकडून आलेल्या मुलांचा एक फायदा आणि एक अडचण असते. मैदानी हॉकीत काठीची एकच बाजू सपाट. चेंडू डावीकडे गेला की मनगट वळवून काठी उलटी करायची. खडकीत ही सवय माझ्या हाडात गेली होती आणि इथे आल्यावर ती मोडायला महिनाभर लागला, कारण इथलं पातं दोन्ही बाजूंनी चालतं. मुलगा नाशिकला शाळेत हॉकी खेळला असेल तर हे बघून घ्या. फायदा असा की आपल्याकडे डावा हात वर आणि उजवा खाली धरतात. कॅनडात पुष्कळ मुलं याच्या उलट धरतात, बरोजही डावा हात खाली धरणाराच. त्यामुळे उजवा हात खाली धरणाऱ्याला संघात चटकन जागा मिळते. त्याची पकड बदलायला कोणी सांगितलं तर घाई करू नका.

ब्रॅम्प्टनमध्ये तो एकटा पडेल ही भीतीही ठेवू नका. पंजाबी कुटुंबांनी या शहरात हॉकी आपली करून टाकलीय. २००८ पासून एनएचएलचं समालोचन पंजाबीत होतं आणि आजोबा-आजी सोफ्यावर बसून ते ऐकतात. आमच्या बाकावर पाच भाषा चालतात, आणि पास मागायला एकच, काठी जमिनीवर दोनदा आपटायची.

सामानाबद्दल विचारलं होतंत. जाळी असलेलं हेल्मेट, ग्लोव्ह्ज, शिन गार्ड, आणि क्रिकेटमध्ये वापरतात तो गार्ड. इतकं हवंच. हेल्मेट नवं घ्या, बाकी वापरलेलं चालेल. काठी महागडी कॉम्पोझिट घेऊ नका, सिमेंट आणि डांबरावर तिचं पातं महिन्याभरात झिजून सोलपटतं. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पात्याची घ्या. आइस हॉकीची काठी तशीच वापरणार असेल तर ती लांब पडेल, कारण स्केट्सनी वाढलेली उंची बुटांवर नसते. बूट घालून सरळ उभं करा, काठी हनुवटीच्या खाली आली पाहिजे, जास्तीची करवतीने कापून टाका. बूट पळायचे उंच टाचेचे नकोत, बॅडमिंटन किंवा व्हॉलीबॉलचे सपाट तळव्याचे आणा, वळताना घोटा मुरगळत नाही.

आणि क्लब सुरू व्हायला अजून तीन आठवडे आहेत, तोवर घरी एक करू द्या. नारिंगी चेंडू गॅरेजच्या भिंतीवर उंच मारायचा, परत येताना हवेतच उघड्या तळहाताने खाली पाडायचा, एक टप्पा पडू द्यायचा, मग फटका. रोज पन्नास वेळा. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, आवाज बराच होतो.